शुभा, हे तू मला सांगितलं नाहीस

शुभा,

तुझ्या कॉलेजातल्या रेखाचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, स्वयंपाकघरात चहा गाळत होतो. गाडीत बसून बोलत असावी, आवाज हेलकावे खात होता. "सर, मॅडमच्या छातीत दुखायलंय. आमी अंबाजोगाईला घेऊन निघालोय. मॅडमला गोळ्या कोणत्या चालू हायत तेवढी नावं सांगा. तिथं विचारतेल."

मला सांगता आली नाहीत. रक्तदाबाची एक आहे, पांढरी, सकाळी घेते, असं काहीतरी मी बोललो. नंतर तुझं कपाट उघडलं, तर त्यात तुझ्या जुन्या साड्या आणि चष्म्याची एक रिकामी डबी. तुझ्या गोळ्या केजला होत्या, तू केजला होतीस, आणि तुला काय काय होतं हेही तिकडेच राहिलं होतं. जन्मभर रसायनांची नावं घेत आलेला माणूस मी. "बरं सर, राहू द्या," रेखा म्हणाली, "आमी बघतो." तिच्या आवाजात राग नव्हता. मी अडचणीत सापडलोय हे तिला कळलं आणि तिने मला सोडवलं. तुझा हात तिच्या हातात असणार तेव्हा, आणि सोडवत होती ती मला.

मी लगेच पुण्याहून निघालो. आष्टी मागे पडली तेव्हा तिचा दुसरा फोन आला. ती काही बोलण्याआधीच मला कळलं, कारण तिच्यामागे मुली रडत होत्या. मी गाडी कडेला घेतली. दोन्ही बाजूंना तुरी उभ्या होत्या, एक म्हातारा बैलांना पाणी दाखवायला घेऊन चालला होता. त्याने काचेतून वाकून पाहिलं आणि विचारलं, "पावनं, कुठलं गाव?" मी गावाचं नाव सांगितलं. "मग आपलेच की," तो म्हणाला, आणि मला पाणी हवं का, असं विचारून पुढे गेला. या जिल्ह्यात जन्मून मी चाळीस वर्षं तो चुकवत आलो, शुभा. आणि त्या दिवशी, तू गेल्यावर मला पहिल्यांदा आपलं म्हणणारा माणूस इथलाच निघाला.

दवाखान्याच्या आवारात तुझे विद्यार्थी उभे होते. जुने, नवे, कुणी कडेवर मूल घेतलेले. मला पाहिल्यावर सगळे बाजूला झाले. कुणीतरी कुठून तरी प्लॅस्टिकची खुर्ची आणली. "सरांना बसू द्या." मी बसलो. मला बसायचं नव्हतं. कॉलेजचे प्राचार्य आले, माझा हात धरून म्हणाले, "सर, तुम्ही पाठीशी होता म्हणून मॅडमला एवढं करता आलं." मी मान हलवली. रेखा समोरच उभी होती, तिने नजर खाली घातली. ती का घातली ते मला नंतर कळलं. त्याबद्दल पुढे सांगतो.

तुला आठवतं ना, आपण गावी पहिल्यांदा पाण्याचे नमुने घ्यायला गेलो तो दिवस? फ्लोराइडचं काम तेव्हा आपण दोघं मिळून करत होतो. शिरूर कासारच्या बाजूची गावं घ्यायची ठरली तेव्हा मीच म्हणालो, आमच्या गावापासून सुरू करू, राहण्याची सोय होईल. मेंढपाळांच्या वस्तीवरच्या हातपंपाचं पाणी आपण बाटलीत भरलं आणि तू पोरांना तोंड उघडायला लावलंस. दातांवर तपकिरी रेघा. एका पोराचे गुडघे नीट वळत नव्हते. आमच्या मळ्यातल्या विहिरीचा नमुनाही घेतला होता, तो चांगला आला. आपण अहवाल दिला. हे पाणी पिऊ नये म्हणून पंपाला लाल रंग लागला. आपण त्या रंगाचा फोटो काढला आणि परिषदेत पडद्यावर दाखवला, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या वर्षी आपण पुन्हा गेलो, तर त्याच लाल पंपावर बायकांची रांग. तू एकीला विचारलंस, "मळ्यातल्या हौदावर का नाही जात? तिथलं पाणी चांगलं आहे."

"लांब पडतंय बाई," ती म्हणाली.

हौद दिसत होता तिथून. येताना गाडीत तू मला विचारलंस, "हे काय आहे? डोळ्यांना दिसतंय ते लांब कसं?" मी म्हणालो, "सवय असते लोकांना. बदलायला वेळ लागतो." मला खरोखर तसंच वाटत होतं. खोटं बोललो असतो तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. खोटं बोलायला निदान खरं माहीत तरी असावं लागतं. तो हौद ज्या अंगणात होता तिथेच मी लहानाचा मोठा झालो होतो, आणि मला माहीत नव्हतं.

नंतर तू एकटी गेलीस. त्या खेपेला बाटल्या नेल्या नाहीस. दोन दिवस वस्तीवर राहिलीस, पुढे तुझी विद्यार्थिनी झालेल्या रेखाच्या आईकडे जेवलीस, आणि परत आल्यावर प्रयोगशाळेच्या कँटीनमध्ये माझ्यासमोर बसून सांगितलंस. कधीतरी त्यांच्या मेंढ्या आपल्या कापसात शिरल्या होत्या. त्यावरून मारामारी झाली. मग निवडणुकीत वस्तीने दादाच्या, माझ्या थोरल्या भावाच्या, विरोधात मत दिलं. तेव्हापासून त्या बायका हौदावर आल्या की त्यांना उभं करून ठेवायचे. पाण्याला नाही कुणी म्हणत नव्हतं. घागर भरून मिळायची, पण चार शब्द ऐकवून मिळायची. दादाकडून, गड्यांकडून, वहिनीकडूनसुद्धा.

"लांब म्हणजे अंतर नाही रे," तू म्हणालीस. "तुमच्या अंगणातून जावं लागतं, म्हणून लांब."

मी म्हणालो, "बरं, आता कळलं. पण यात आपण काय करणार?"

तू चमचा खाली ठेवलास. मला वाटलं विषय संपला. तुझ्यासाठी तो तिथून सुरू झाला होता.

राजीनामा देणार म्हणालीस तेव्हा आपण किती महिने भांडलो. चाळिशी उलटलेली बाई, नावाच्या आधी डॉक्टर, हाताखाली संशोधक, आणि तू समाजकार्य शिकायला एमएसडब्ल्यूला प्रवेश घेणार, विशीतल्या पोरांच्या शेजारी बाकावर बसणार. मी काय काय बोललो ते तुला पाठ असेल. त्यातलं सगळं मला आज मागे घ्यायचं नाही. एक वाक्य मात्र घ्यायचंय. "गप्पा मारायला शिकायला दोन वर्षं कशाला लागतात?" असं मी म्हणालो होतो. तू उत्तर दिलं नाहीस. तू कधीच लगेच उत्तर द्यायची नाहीस, आणि मी ते हरणं समजायचो.

उत्तर तू बऱ्याच दिवसांनी दिलंस, कपडे वाळत घालताना. "अहवाल बरोबर होता ना आपला?"

"होताच."

"आणि पोरांचे दात तसेच आहेत."

"दात हे आपलं काम नव्हतं, शुभा. मोजणं हे आपलं काम होतं."

"मग मला लाज का वाटते?"

यावर मी काय बोललो माहीत आहे? मी म्हणालो, "तो तुझा स्वभाव आहे."

हे भांडण अर्धंच राहिलं. माझी बाजू मी अजून पूर्ण सोडलेली नाही, आणि तुझ्याशी खोटं कशाला बोलू. सगळेच मोजणारे उठून गेले तर पाण्यात काय आहे हे कोण सांगणार, हा प्रश्न मला अजूनही खरा वाटतो. तुझ्याकडे याचं उत्तर असणार. गेल्या पोळ्याला तू घरी आलीस तेव्हा काढायचा होता विषय. पण आपण टीव्ही पाहत बसलो, आणि दुसऱ्या दिवशी तुला पहाटेची एसटी धरायची होती.

एमएसडब्ल्यूच्या पहिल्या वर्षात तू एकदा फोनवर रडलीस. क्षेत्रकार्याला तुला एका वस्तीत पाठवलं होतं, आणि तू तिथल्या बायकांसमोर परिषदेत बोलावं तसं बोललीस. मुद्दे काढून. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. एक म्हणाली, "बाईला भाषण लई झ्याक येतंय, पण आमाला कामाला जायचंय." वरून तुझ्याहून निम्म्या वयाच्या मार्गदर्शक बाईंनी तुझी कानउघाडणी केली. "मला काहीच येत नाही, दिगंबर," तू म्हणालीस. "इतकी वर्षं मला वाटत होतं मला बरंच येतं." तेव्हा मी म्हणायला हवं होतं की येईल, शीक. मी म्हणालो, "परत ये, तुझी जागा अजून भरलेली नाही." फोन ठेवल्यावर मला थोडं बरं वाटलं होतं. तू हरलीस असं वाटून बरं वाटलं होतं. हे मी स्वतःलासुद्धा आजवर सांगितलं नव्हतं.

तू परत आली नाहीस. शिकलीस, नंतर केजच्या त्या कॉलेजात शिकवायला लागलीस. पुण्यात, नाशिकला तुझ्या माहेरी, कुठेही तुला जागा मिळाली असती. तू माझा जिल्हा निवडलास, जिथून मी पळालो होतो. लोक विचारायचे, तुमच्या मिसेस तिकडे काय करतात? मी सांगायचो, अध्यापन. विषय सांगत नव्हतो.

आणि तुझी बोली. हे लिहिताना कान तापतात माझे. पुण्याला शिकायला आलो तेव्हा वसतिगृहात माझ्या 'न्हाई'वर आणि 'गेलतो'वर हसायचे. एका वर्षात मी ती जिभेवरून खरवडून काढली. आणि तू, नाशिकच्या शुद्ध घरातली, केजला जाऊन ती उचललीस. आधी मुद्दाम, मग सवयीने. फोनवर 'का गं'ऐवजी सरळ विचारायचीस, "कावून, आज आवाज बसलाय?" आपल्या घरी माझी मित्रमंडळी जेवायला आली होती त्या दिवशी तू भाजी वाढताना म्हणालीस, "लई तिखट झालीय का?" मी सगळ्यांसमोर म्हणालो, "लई नाही, फार." लोक हसले. तू पण हसलीस. त्यानंतर माझ्या मित्रांसमोर तू ती बोली कधी बोलली नाहीस. फोनवरही हळूहळू कमी झाली. मी ते लक्षात घेतलं होतं आणि मला ते बरंच वाटलं होतं.

तुझ्या वर्गात मी एकदाच बसलो. केजला एका रविवारी आलो होतो आणि तुझा जादा तास होता. तू मुलांना सांगत होतीस की पहिल्या दोन भेटींत वही काढायची नाही, नुसतं बसायचं, ते बोलतील त्यावर बोलायचं. एका मुलाने विचारलं, "मग आमी लक्षात कसं ठेवायचं?" तू म्हणालीस, "जे वहीशिवाय लक्षात राहत नाही, ते तुम्ही ऐकलेलंच नसतं." मला ते पटलं नाही. नोंद नसेल तर पुरावा कसला, असं मी नंतर तुला म्हणालो. तू म्हणालीस, "तिसऱ्या भेटीला काढतात की वह्या. आणि पाण्याच्या बाटल्याही नेतात. चाचणी मी स्वतः शिकवलीय." मी ऐकलं आणि पुढचं काही विचारलं नाही. कोणत्या गावांत जातात, काय निघतं, कशाने मोजतात, मी काहीही विचारलं नाही. मोजणारे उठून गेले तर काय, म्हणून तुझ्याशी भांडणारा माणूस मी. तू मोजणं सोडलंच नव्हतंस.

आता तू गेलीस त्या दिवसाचं पुढचं सांगतो. तुला पुण्याला न्यायचं माझ्या मनात होतं. दादा गावाहून जीप घेऊन दवाखान्यात आला. कधी नव्हे ते बूट न काढता आत आला, तुझ्यापाशी उभा राहिला आणि मला म्हणाला, "मॅडमला गावाकडं न्यायचं."

मॅडम. मी दादाच्या तोंडाकडे पाहिलं. थोरला दीर, आमच्याकडे भाया म्हणतात, आणि धाकटी भावजय; आपसात बोलायची रीत नाही. पंचवीस वर्षांत त्याने तुझ्याशी सरळ बोललेलं मी ऐकलं नव्हतं. काही सांगायचं झालं तर तो भिंतीकडे बघून वहिनीला सांगायचा, "तिला म्हणावं, चहा घे." तू डोक्यावरून पदर घेऊन दाराआड उभी राहायचीस, आणि मला तुझ्याकडे बघवत नसे.

मी म्हणालो, "दादा, ती तिथली नाही."

"मग कुठली हाय?" तो म्हणाला. भांडणाचा सूर नव्हता. रेखाने चादर नीट केली आणि आपण निघालो.

गावात शिरलो तर मळ्यातल्या घराच्या अंगणात वस्तीवरच्या बायका बसल्या होत्या. शुभा, त्या अंगणात. म्हाताऱ्या, तरण्या, रेखाची आई पुढे. कुणी त्यांना उभं केलेलं नव्हतं. वहिनी त्यांच्यामध्ये बसली होती, तिच्या पाठीवर एकीचा हात होता. बाजूने जाताना मला एक पाइप दिसला, विहिरीवरून निघून कुंपणाला लागून वस्तीकडे गेलेला. वस्तीच्या तोंडाशी नळांचा ओटा, त्यावर घागरी.

सगळं उरकल्यावर, दुसऱ्या दिवशी, मी वहिनीला विचारलं, हे कधी झालं?

"तुमाला ठावं न्हाई, भावजी?"

मग तिने सांगितलं. एका दिवाळीनंतर तू एकटी आलीस आणि सरळ जाऊन ओट्यावर दादासमोर बसलीस. पदर खांद्यावर. म्हणालीस, मला तुमच्याशी बोलायचंय, वहिनींच्या मार्फत नाही. दादा उठून निघून गेला. तू बसून राहिलीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलीस. "मी म्हणलं आता ह्यो हिला हाकलतोय," वहिनी म्हणाली. "तर तिसऱ्या येळंला त्येनंच इचारलं, काय काम हाय."

तू पाणी मागितलंच नाहीस म्हणे. तू शेताबद्दल बोललीस. खत महाग झालंय, जमिनीत दम राहिला नाही, हे दादाच बोलला. मग तू वस्तीवर गेलीस. मेंढ्या बसवायला रान मिळत नाही, हे ते बोलले. या माणसांना तू एका जागी आणेपर्यंत दोन सुगी गेल्या. मध्ये एकदा सगळं मोडलं, कुणीतरी कुणाच्या तरी बापाचं नाव काढलं म्हणून. तू रेखाला आणि तिच्या वर्गातल्या पोरांना घेऊन पुन्हा घरोघर फिरलीस. शेवटी ठरलं. पीक निघालं की मेंढ्या दादाच्या रानात बसायच्या, लेंडीखत दादाला, आणि विहिरीचं पाणी पाइपने वस्तीला. अंगणातून कुणी जायचं नाही, कुणाचं काही ऐकायचं नाही.

"आन् इलेक्शन बी आलंतं," वहिनी म्हणाली. "त्येंच्या डोक्यात ते बी असंल. शुभाला म्या सांगितलं तसं. तर हसली. म्हणली, असू द्या की, पाण्याला कुठं कळतंय."

मी असतो तर तिथेच अडलो असतो. हेतू शुद्ध नाही म्हणून. पाइप पडला नसता, आणि मी पुण्याला येऊन माझ्या भावाबद्दल खंत करत बसलो असतो.

"मला कुणी सांगितलं कसं नाही?" मी वहिनीला विचारलं.

"म्या म्हणलं की तिला. भावजीला सांग, त्येंला बरं वाटंल. तर म्हणली, नको वहिनी, त्यांना लाज वाटेल."

ती एवढंच बोलली आणि चुलीकडे वळली. मी तिथेच बसून होतो. बाहेर नळावर बायका बोलत होत्या, कुणाची तरी घागर भरून वाहत होती, कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं. ते सगळं मी ऐकत होतो. तू मला वाचवलंस, शुभा. इतकी वर्षं माझ्याबरोबर जेवताना, टीव्ही बघताना, गावाकडचं काय म्हणून मी विचारल्यावर "बरं आहे सगळं" असं म्हणताना तू मला सांभाळत होतीस. आणि मला वाटायचं, मी तुला जाऊ दिलं हा माझा मोठेपणा.

आठवड्याने केजला कॉलेजात शोकसभा झाली. तुझा फोटो ठेवला होता, तो मी आधी पाहिलेला नव्हता. तू कुठेतरी बांधावर बसून हसतेयस, केस वाऱ्याने उडालेले. प्राचार्यांनी माझ्या त्यागाबद्दल सांगितलं, आणि मग मला बोलायला बोलावलं. मी ठरवून गेलो होतो. मी म्हणालो, "माझ्याबद्दल जे सांगितलं ते बरोबर नाही. मी तिला साथ दिली नव्हती. मी तिला अडवलं होतं, आणि तिने ऐकलं नाही. तिच्या कामाची मी कधी नीट चौकशीही केली नाही. हे तुम्हाला माहीत असावं."

पंखा फिरत होता. मग रेखा उभी राहिली. शिक्षकांच्या रांगेत बसली होती ती, तुझ्या रिकाम्या खुर्चीशेजारी.

"सर," ती म्हणाली, "आमाला माहीत हाय. मॅडम शिकवायच्या."

मला कळलं नाही.

"म्हणजे वर्गात. घरचं माणूस इरोधात असलं म्हणून ते माणूस वाईट असतंच असं न्हाई, त्याला तोडायचं न्हाई, असं शिकवायच्या. उदाहरण म्हणून तुमचंच सांगायच्या. दर वर्षी."

मागच्या बाकांवर दोघंतिघं हसले आणि लगेच गप्प झाले. मीही हसलो बहुतेक. म्हणजे दवाखान्याच्या आवारात माझ्यासाठी खुर्ची आणणाऱ्या त्या सगळ्या मुलांना ठाऊक होतं. तुझ्या कामाची मला लाज वाटायची हे माहीत असून त्यांनी मला बसायला दिलं, पाणी दिलं, माझा हात धरला. ती खुर्ची तू शिकवलेली होतीस.

मला माफ कर असं लिहिणार होतो. पण तू माफ वगैरे करायची नाहीस, तू म्हणायचीस, "बरं, मग आता?" ते मला अजून माहीत नाही. रेखा म्हणते पोरांची पाणी तपासायची उपकरणं जुनी झालीत, येऊन बघाल का. येईन म्हणालो आहे. त्याने काही फिटणार नाही, हे मला कळतं. फेडण्यासाठी जाणारही नाही. बोलवलंय म्हणून जाणार.

शोकसभेनंतर दादाच मला गावाकडे घेऊन निघाला. तो गाडी चालवत होता, मी शेजारी. आम्ही दोघं भाऊ एकमेकांशी कधी धड बोललेलोच नाही, हे तुला माहीत आहे. मांजरसुंबा मागे पडलं. घाट उतरल्यावर त्याने विचारलं, "पाइपाचं तुला ठावं नव्हतं म्हणं?"

"नव्हतं."

"कावून सांगितलं न्हाई तिनं?"

"मला लाज वाटेल म्हणून."

समोर एक मेंढरांचा कळप आडवा आला, तर त्याने हॉर्न वाजवला नाही, गाडी थांबवून कळप जाऊ दिला.

"मग, वाटली का?" त्याने विचारलं.

"वाटली," मी म्हणालो.

"मला बी वाटली," दादा म्हणाला. "पाइप टाकायच्या दिशी. ती समूर उभी व्हती, आन् मला वर बगवंना."

हे त्याने तुला कधी सांगितलं नसणार. म्हणून मी सांगतोय.